रेघेच्या अलीकडे की पलीकडे?

समीकरण सोडवले की एक उत्तर मिळते, हे शाळेत पक्के ठसलेले असते. बाजारात, स्वयंपाकघरात, लग्नघरात पडणारे प्रश्न मात्र बहुधा तसे नसतात. ‘दोनशे चाळीस रुपयांच्या आत भाजी आणायची आहे, तर टोमॅटो किती घ्यावेत आणि कांदे किती?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही, पुष्कळ आहेत. ती सगळी उत्तरे एकाच वेळी डोळ्यांसमोर कशी आणायची? आणि अशा तीन-चार अटी एकदम आल्या, तर सगळ्या अटी पाळणारी उत्तरे कशी शोधायची? एक आलेख कागद, पट्टी आणि पेन्सिल एवढ्यावर हे काम होते. त्यासाठी फक्त सरळ रेघ काढता यायला हवी.

१. एका प्रश्नाची पुष्कळ उत्तरे

टोमॅटो ४० रुपये किलो आणि कांदे ३० रुपये किलो आहेत असे धरू. खिशात २४० रुपये आहेत. ३ किलो टोमॅटो आणि ४ किलो कांदे घेतले तर बरोबर २४० रुपये होतात. २ किलो टोमॅटो आणि ३ किलो कांदे घेतले तर १७० रुपये होतात आणि ७० रुपये हातात उरतात, हेही चालते. ४ किलो टोमॅटो आणि ३ किलो कांद्यांचे मात्र २५० रुपये होतात, ते चालत नाही.

टोमॅटोच्या किलोंना ‘क्ष’ आणि कांद्यांच्या किलोंना ‘य’ म्हटले, तर अट अशी लिहिता येते : ४०क्ष + ३०य ≤ २४०. दोन्ही बाजूंना १० ने भागले की ती ४क्ष + ३य ≤ २४ इतकी सुटसुटीत होते. ‘≤’ या चिन्हाचा अर्थ ‘पेक्षा कमी किंवा बरोबर’. बरोबरीच्या चिन्हाऐवजी असे चिन्ह असलेल्या विधानाला असमानता म्हणतात. त्यात क्ष आणि य नुसतेच आले, त्यांचे वर्ग किंवा एकमेकांशी गुणाकार आले नाहीत, तर ती रेषीय असमानता. तिचा आलेख नेहमी सरळ रेघेवर उभा राहतो, म्हणून हे नाव.

लहान-मोठेपणाची < आणि > ही चिन्हे इंग्रज गणिती थॉमस हॅरियट यांच्या, त्यांच्या मृत्यूनंतर १६३१ मध्ये छापलेल्या पुस्तकात पहिल्यांदा दिसली. त्यांच्याखाली बरोबरीच्या रेघा जोडून ‘किंवा बरोबर’ हा अर्थ आणण्याची सोय फ्रान्सच्या पिएर बुगेर यांनी १७३४ मध्ये केली. व्यवहाराच्या दृष्टीने ही दुसरी भर फार मोलाची, कारण रोजच्या बहुतेक अटींमध्ये बरोबरी चालते.

२. बोलण्यातले शब्द आणि चिन्हे

अशा उदाहरणांत चुका होतात त्या बेरीज-वजाबाकीत कमी आणि वाक्य वाचताना जास्त. म्हणून या पायरीवर थोडे रेंगाळणे फायद्याचे.

‘जास्तीत जास्त’, ‘पर्यंत’, ‘पेक्षा जास्त नको’ या सगळ्यांसाठी ≤ हे चिन्ह. ‘किमान’, ‘निदान’, ‘कमीत कमी’, ‘पेक्षा कमी नको’ यांसाठी ≥. ‘पेक्षा जास्त’ आणि ‘पेक्षा कमी’ असे नुसते म्हटले असेल तर बरोबरी वगळायची, म्हणजे > आणि <. ‘१८ वर्षे पूर्ण झालेल्यांना मतदान करता येते’ यात १८ धरले जातात. ‘१८ वर्षांखालील मुलांची स्पर्धा’ यात १८ धरले जात नाहीत. ‘च्या आत’ हा शब्द काटेकोर नाही, पण खर्चाबद्दल बोलताना बरोबर तेवढी रक्कम झाली तरी कोणी तक्रार करत नाही, म्हणून तिथे ≤ घेणे योग्य.

दोन ठिकाणी हमखास घसरायला होते. पहिले, ‘पेक्षा जास्त नको’. घाईत वाचणाऱ्याच्या कानात ‘जास्त’ राहते आणि हातून ≥ लिहिले जाते. दुसरे ठिकाण पटीचे. ‘लाडू चकलीच्या किमान दुप्पट हवेत’ हे वाक्य घ्या. चकली क्ष किलो आणि लाडू य किलो असतील, तर ‘दुप्पट’ हा शब्द लाडवांविषयी आहे म्हणून पुष्कळ जण २य ≥ क्ष असे लिहितात. खात्री करायला साध्या संख्या घालून पाहाव्यात. चकली ५ किलो आणि लाडू ३ किलो असतील, तर अट पाळली गेली का? नाही. पण २य ≥ क्ष मध्ये ६ ≥ ५ येते, म्हणजे ही मांडणी चुकीचे उत्तर पास करते. खरी अट य ≥ २क्ष अशी आहे. एक चालणारी आणि एक न चालणारी जोडी घालून पाहण्याची ही सवय कुठल्याही नियमापेक्षा जास्त उपयोगाची आहे.

काही अटी वाक्यात लिहिलेल्याच नसतात. किलो, तास, गाड्या यांची संख्या शून्याखाली जात नाही, म्हणून क्ष ≥ ० आणि य ≥ ० या अटी न सांगता धरायच्या. आलेखाचा वरचा उजवा चतुर्थांश तेवढा वापरात येतो तो यामुळेच.

३. बांध आणि त्याच्या दोन बाजू

आता भाजीच्या अटीचा आलेख काढू. आडव्या अक्षावर टोमॅटो, उभ्या अक्षावर कांदे. आधी असमानता बाजूला ठेवून ४क्ष + ३य = २४ ही रेघ काढायची. सगळे पैसे टोमॅटोवर घातले तर ६ किलो येतात, म्हणून एक बिंदू (६, ०). सगळे कांद्यांवर घातले तर ८ किलो, म्हणून दुसरा बिंदू (०, ८). दोन बिंदू जोडले की रेघ तयार.

ही रेघ शेतातल्या बांधासारखी असते. बांधाच्या एका अंगाला एकाचे शेत, दुसऱ्या अंगाला दुसऱ्याचे. अधेमधे काही नाही. आलेखावरही रेघेच्या एका बाजूचा प्रत्येक बिंदू अट पाळतो, दुसऱ्या बाजूचा एकही पाळत नाही. म्हणून कोणती बाजू आपली हे ठरवायला एकच बिंदू तपासला तरी पुरते. सोयीचा बिंदू म्हणजे आरंभबिंदू (०, ०) : ४ × ० + ३ × ० = ०, आणि ० ≤ २४ हे खरे. म्हणजे आरंभबिंदूची बाजू आपली. रेघेवरच्या बिंदूंत बरोबर २४० रुपये खर्च होतात, तेही चालते, म्हणून रेघ सलग काढायची. अटीत नुसते < किंवा > असेल तर रेघ वगळायची असते, आणि ते कळावे म्हणून ती तुटक काढतात.

दोन अक्ष आणि ही रेघ यांच्यामध्ये एक त्रिकोण तयार होतो. २४० रुपयांत होणारी प्रत्येक खरेदी या त्रिकोणात कुठे ना कुठे आहे. (२, ३) हा बिंदू आत आहे, (३, ४) रेघेवर आहे आणि (४, ३) जेमतेम बाहेर.

४. दिवाळीच्या फराळाची ऑर्डर

एक अट असली तर आलेखाची तशी गरज नसते, तोंडी हिशेबही पुरतो. अटी वाढल्या की आलेखाशिवाय चालत नाही.

महिलांच्या एका बचत गटाने दिवाळीसाठी चकली आणि बेसनाचे लाडू करायचे ठरवले आहे. (इथल्या किमती आणि वेळा हिशेबाच्या सोयीसाठी धरल्या आहेत.) चकलीची उकड काढणे, मळणे, सोऱ्याने पाडणे आणि मंद आचेवर तळणे यात किलोमागे २ तास जातात. लाडवांना बेसन भाजून वळेपर्यंत किलोमागे १ तास लागतो. पाच जणी तीन दिवस रोज तीन तास देणार आहेत, म्हणजे एकूण ४५ तास. चकलीला किलोमागे १५० रुपयांचे सामान लागते. लाडवांत तूप आणि साखर असल्यामुळे २५० रुपयांचे. हातात भांडवल ६,००० रुपये आहे. शिवाय दोन्ही पदार्थांची निदान ५-५ किलोंची मागणी आधीच घेतलेली आहे.

चकली क्ष किलो आणि लाडू य किलो धरले, तर चार अटी अशा होतात :

वेळ : २क्ष + य ≤ ४५
भांडवल : १५०क्ष + २५०य ≤ ६,०००, म्हणजेच ५० ने भागून ३क्ष + ५य ≤ १२०
चकलीची मागणी : क्ष ≥ ५
लाडवांची मागणी : य ≥ ५

आलेख कागदावर दोन्ही अक्षांवर १ सेंटिमीटरला ५ किलो हे माप घेतले तर सगळे नीट मावते. वेळेच्या रेघेसाठी (०, ४५) हा बिंदू सोपा आहे. दुसरा बिंदू आडव्या अक्षावर साडेबावीसवर येतो. तो टाळून (२०, ५) घ्यावा, तो माप चुकण्याचा धोका कमी करतो. भांडवलाची रेघ (४०, ०) आणि (०, २४) यांना जोडते. क्ष = ५ ही उभी रेघ आणि य = ५ ही आडवी.

पाठ्यपुस्तकात सहसा हवी असलेली बाजू रंगवतात. चार अटी असताना तसे केले की चार रंग एकमेकांवर चढतात आणि नेमका भाग ओळखू येत नाही. त्याऐवजी नको असलेली बाजू पेन्सिलीच्या तिरक्या रेघांनी भरत जावी. शेवटी जो भाग कोरा राहतो, तोच सगळ्या अटी पाळणारा. त्याला व्यवहार्य क्षेत्र म्हणतात.

इथे तो एक चौकोन निघतो. त्याचे कोपरे म्हणजे लगतच्या दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात ते बिंदू. क्ष = ५ आणि य = ५ मिळून (५, ५). य = ५ वेळेच्या रेघेत घातले तर (२०, ५). क्ष = ५ भांडवलाच्या रेघेत घातले तर (५, २१). चौथा कोपरा वेळ आणि भांडवल यांच्या रेघांचा : य = ४५ − २क्ष हे दुसऱ्या रेघेत घातले की ३क्ष + २२५ − १०क्ष = १२०, म्हणून ७क्ष = १०५, क्ष = १५ आणि य = १५. हा कोपरा (१५, १५).

आता गटातल्या कुणीही काही सुचवले तरी उत्तर चटकन देता येते. ‘दहा-दहा किलो करू’ : (१०, १०) हा बिंदू आत आहे, खुशाल करा. ‘चकली दहा, लाडू वीस’ : बिंदू बाहेर पडतो, पण कोणत्या रेघेबाहेर ते पाहावे. वेळ ४० तास लागतो, तो पुरतो. सामानाला मात्र ६,५०० रुपये लागतात. म्हणजे अडचण हातांची नाही, पैशांची. ‘चकली वीस, लाडू दहा’ याच्या उलट : सामान ५,५०० रुपयांत येते, पण तास ५० होतात. नुसते ‘जमत नाही’ हे कळून भागत नाही. कशामुळे जमत नाही हे आलेख दाखवतो, आणि तिथेच त्याचा खरा उपयोग आहे.

५. इडलीचे प्रमाण : रेघ आरंभबिंदूतून जाते तेव्हा

इडलीसाठी तांदूळ उडदाच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत घेतात. भिजवायचे पातेले दोन्ही मिळून ३ किलोंपर्यंतचे असेल, तर उडीद क्ष किलो आणि तांदूळ य किलो धरून अटी होतात : य ≥ २क्ष, य ≤ ४क्ष आणि क्ष + य ≤ ३.

पहिल्या दोन रेघा आरंभबिंदूतूनच जातात, म्हणून त्यांची बाजू ठरवायला (०, ०) उपयोगी नाही. तो रेघेवरच आहे. अशा वेळी रेघेवर नसलेला दुसरा कोणताही बिंदू घ्यावा. (१, १) घेऊ, म्हणजे एक किलो उडीद आणि एक किलो तांदूळ. १ ≥ २ हे खोटे, म्हणून पहिल्या रेघेची दुसरी, वरची बाजू आपली. १ ≤ ४ हे खरे, म्हणून दुसऱ्या रेघेची (१, १) असलेली बाजू आपली. दोन्ही मिळून आरंभबिंदूपासून वर पसरत जाणारी निमुळती पट्टी मिळते आणि तिसरी रेघ तिला वरून छेदते. कोपरे (०, ०), (१, २) आणि (०.६, २.४). पातेले पुरेपूर वापरायचे तर एका टोकाला १ किलो उडीद आणि २ किलो तांदूळ, दुसऱ्या टोकाला ६०० ग्रॅम उडीद आणि २ किलो ४०० ग्रॅम तांदूळ.

दुसरी अट ४क्ष − य ≥ ० अशी लिहिली असेल तर जपून राहावे. ४क्ष पलीकडे नेले की −य ≥ −४क्ष येते आणि दोन्ही बाजूंना −१ ने गुणताना चिन्ह उलटते : य ≤ ४क्ष. कारण उघड आहे. ३ हे ५ पेक्षा लहान, पण −३ हे −५ पेक्षा मोठे.

६. वऱ्हाडाच्या गाड्या

तांदूळ अडीच किलो घेता येतो, बस अडीच घेता येत नाहीत. वस्तू मोजायच्या असल्या की क्षेत्रातले सगळे बिंदू उपयोगी पडत नाहीत, फक्त पूर्णांकांचे बिंदू चालतात.

२०० माणसांचे वऱ्हाड न्यायचे आहे. ५० जागांची बस १५,००० रुपयांत आणि २० जागांची मिनी बस ७,००० रुपयांत मिळते, आणि गाड्यांसाठी ६५,००० रुपये बाजूला काढले आहेत असे धरू. बस क्ष आणि मिनी बस य धरल्या तर अटी : ५०क्ष + २०य ≥ २००, म्हणजे ५क्ष + २य ≥ २०, आणि हजारांत लिहून १५क्ष + ७य ≤ ६५.

आलेखावर दोन रेघा जवळजवळ समांतर जातात आणि त्यांच्यामध्ये एक चिंचोळा त्रिकोण उरतो. त्याचे कोपरे (४, ०), (२, ५) आणि आडव्या अक्षावर साधारण ४.३३ वरचा बिंदू. या त्रिकोणात बिंदू असंख्य आहेत, पण पूर्णांकांचे फक्त दोन : ४ मोठ्या बस, किंवा २ मोठ्या आणि ५ मिनी. ३ मोठ्या घेतल्या तर मिनी बस अडीच ते सुमारे २.८६ यांच्या दरम्यान हव्यात, आणि त्या जागेत एकही पूर्ण संख्या नाही. ‘जवळची पूर्ण संख्या घेऊ’ म्हणून ३ मोठ्या आणि ३ मिनी ठरवल्या तर खर्च ६६,००० होतो. ३ आणि २ ठरवल्या तर दहा जण रस्त्यावर राहतात. म्हणून आसपास आकडा वळवण्याऐवजी क्षेत्रातले पूर्णांकांचे बिंदू एकेक करून पाहावेत.

पैसे ५९,०००च असते तर? मग कोरा भाग उरतच नाही. ५क्ष + २य ≥ २० या अटीची तिप्पट केली की १५क्ष + ६य ≥ ६०. खर्च १५क्ष + ७य तर त्याहून कमी असूच शकत नाही. म्हणजे ६०,००० रुपयांखाली हे वऱ्हाड निघणारच नाही, कितीही जुळवाजुळव केली तरी. असा रिकामा आलेख हेसुद्धा पूर्ण उत्तर असते : एखादी अट सैल करा, मग पुढे बोलू.

७. कोपऱ्यांवर काय मिळते

व्यवहार्य क्षेत्र मिळाले की पुढचा प्रश्न आपोआप येतो : त्यातले सर्वांत चांगले कोणते? फराळाच्या उदाहरणात चकलीवर किलोमागे १०० रुपये आणि लाडवांवर १२० रुपये सुटतात असे धरू. एकूण नफा १००क्ष + १२०य.

क्षेत्रात बिंदू असंख्य, पण सगळे तपासावे लागत नाहीत. समान नफा देणारे बिंदू एका सरळ रेघेवर असतात. नफा वाढवत नेला की ती रेघ स्वतःशी समांतर सरकत पुढे जाते, आणि क्षेत्र सोडण्याआधी तिचा शेवटचा स्पर्श कोपऱ्याला होतो. क्वचित एखाद्या संपूर्ण बाजूला. म्हणून कोपरे तपासले की झाले. (५, ५) वर १,१०० रुपये, (२०, ५) वर २,६००, (५, २१) वर ३,०२० आणि (१५, १५) वर ३,३००. पंधरा-पंधरा किलो करणे सर्वांत फायद्याचे. चकलीवर ६० रुपयेच सुटले असते तर (१५, १५) वर २,७०० आणि (५, २१) वर २,८२०, म्हणजे उत्तर दुसऱ्या कोपऱ्यावर गेले असते. क्षेत्र तेच राहिले, पण निवड बदलली.

मूळ नफ्यावर आणखी एक गोष्ट तपासण्यासारखी आहे. गटाने ७ तास जास्त दिले तर वेळेची रेघ बाहेर सरकते आणि कोपरा (२०, १२) वर येतो, नफा ३,४४०. तास तेवढेच ठेवून भांडवलात ३५० रुपयांची भर घातली तर कोपरा (१४, १७) वर येतो. नफा पुन्हा ३,४४०. म्हणजे सात तासांचे जादा कष्ट आणि तीनशे पन्नास रुपयांची जादा उचल यांतून सारखेच १४० रुपये पदरात पडतात. किमान मागणीच्या दोन अटी मात्र सैल केल्या तरी नफ्यात एका पैशाचा फरक पडत नाही, कारण त्या रेघा (१५, १५) पासून दूर आहेत. आडवी येणारी मर्यादा कोणती आणि नावापुरती कोणती, हे कळले की धडपड कुठे करायची तेही कळते.

दोनच गोष्टी ठरवायच्या असतील तोपर्यंत कागद पुरतो. तीन असल्या तर क्षेत्राला जाडी येते, आणि त्यापुढे चित्र काढताच येत नाही. अशा मोठ्या प्रश्नांसाठी रशियन गणिती लिओनिद कांतोरोविच यांनी १९३९ मध्ये पद्धत मांडली. तिचे निमित्त प्लायवूडच्या कारखान्यांतल्या यंत्रांना काम वाटून देण्याचे होते. अमेरिकेत जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये सिंप्लेक्स पद्धत शोधली. ती एका कोपऱ्यावरून लगतच्या अधिक चांगल्या कोपऱ्यावर जात शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोचते. तिची सुरुवातीची एक मोठी चाचणी जेवणाच्या हिशेबावर झाली. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी ७७ खाद्यपदार्थ आणि ९ पोषक घटक घेऊन एका माणसाचा वर्षाचा सर्वांत स्वस्त पोषक आहार अंदाजाने ३९.९३ डॉलरचा काढला होता. सिंप्लेक्स पद्धतीने नऊ कारकुनांनी हाताने चालवायच्या गणकयंत्रांवर तोच हिशेब केला. त्याला १२० मनुष्यदिवस लागले आणि उत्तर आले ३९.६९ डॉलर.

कोपऱ्यांची संख्या अटींबरोबर अफाट वाढू शकते, त्यामुळे काही प्रश्नांत कडेकडेने जाणे फार लांबते. ग्वाल्हेरला जन्मलेले आणि मुंबईच्या आयआयटीत शिकलेले नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये असताना वेगळी वाट काढली. त्यांची पद्धत कोपऱ्यांना वळसा न घालता व्यवहार्य क्षेत्राच्या आतूनच सर्वोत्तम उत्तराकडे सरकते, आणि प्रश्न कितीही मोठा झाला तरी लागणारी पावले आटोक्यात राहतात हे सिद्ध करता येते.